गढीची माती

माझ्या सासुरवाडीला गावाच्या मधोमध गढी आहे. आहे म्हणायचं इतकंच. बुरूज, दरवाजा, आतला वाडा, सगळं विरघळून आता पांढऱ्या मातीचं टेकाड उरलंय आणि त्यावर शेळ्या चढतात. जुन्या वास्तूंना कुणी हात लावला की मी चिडतो. त्यामुळे काल शेजारच्या शांताकाकू डोक्यावर पाटी घेऊन टेकाड चढताना दिसल्या, तेव्हा मी खालूनच ओरडलो, "काकू, गढी पोखरू नका हो!"

काकू हसल्या. "पोखरत न्हाई, जावईबापू. परत द्यायला आलेय."

त्यांचं मातीच्या सपाट छताचं, धाब्याचं घर गेल्या आठवड्यात पाडलं; तिथं आता स्लॅब पडणार. त्या धाब्यावर दर उन्हाळ्यात गढीची माती पसरायची, म्हणजे पावसाळ्यात घर गळत नसे. त्यांच्या सासूच्या सासूपासून हे चालत आलेलं.

मी गावाकडे, घरोघरच्या तशाच धाब्यांकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं मी समजत होतो, गढी ढासळली. ती पाटीपाटीनं घरोघर जाऊन बसली होती. ज्यांच्या पणज्यांना तिच्या दारात जोडे काढून उभं राहावं लागलं असेल, त्यांच्याच डोक्यावर ती पाऊस झेलत होती.

काकूंनी पाटी ओतली, माती हातानं थोपटली आणि टेकाडाला म्हणाल्या, "लई सांभाळलंस, बाई."

पुढची पाटी मी उचलली. गढी इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं.