युद्धनौकेची दुसरी खिडकी

मंगळवारी सकाळी दादा वारले. मी नेरूळला, कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. शिरवण्यात त्यांना खोली भाड्याने देणाऱ्या आजींचा फोन आला. "बाय, तुझा दादा उठत नाय. अंग गार हाय," एवढंच त्या म्हणाल्या. मी हातातलं पुस्तक कपाटात जागेवर लावलं आणि निघाले.

मधुकरदादा माझे थोरले दीर. आम्ही मूळचे महाडकडचे. दादा मुंबईच्या धक्क्यावर जुनी जहाजं तोडायचे. मुकादम झाल्यावर त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विलासला, हाताखाली घेतलं. अठरा वर्षांपूर्वी एक जुनी युद्धनौका तोडताना तेलाच्या टाकीत स्फोट झाला आणि विलास गेला. आत उतरून त्याने बिडी पेटवली, असं दादांनी सांगितलं. सगळ्यांनी तेच मानलं. मीही... मुलगी प्राची तेव्हा चार वर्षांची होती. मोठी होताना ती विचारायची आणि मी तिला तेच सांगायचे. दर वेळी विलासवरचा माझा राग नवा व्हायचा. एका बिडीसाठी हा माणूस आम्हाला टाकून गेला.

प्राचीला शाळेत दादाच सोडायचे. रस्ता ओलांडताना तिचा दंड धरायचे, हात कधीच नाही. "काका, मी काय चोर आहे?" ती म्हणायची. दादा हसायचे, पण दंड सोडायचे नाहीत. इतरांशी मात्र ते हसत नसत. त्यांचा हात पटकन सुटायचा. एका रिक्षावाल्याचे त्यांनी दात पाडले. रबाळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझरच्या डोक्यात पाना घातला आणि ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी तीच युद्धनौका कागदाची बांधायला घेतली.

नकाशा नव्हता. जे मी तोडलंय ते मला बांधता येतं, म्हणाले. तोडताना जे सगळ्यात शेवटी राहतं तिथून त्यांनी सुरुवात केली. आधी तळाचा कणा, मग फासळ्या, मग टाक्या, मग वरचे मजले. आमच्या ग्रंथालयात संगणक आले तेव्हा पुस्तकांची जुनी जाड कार्डं रद्दीत निघाली होती. ती मी गोण्या भरून त्यांना दिली. साडेसात फुटांची नौका झाली. ती कॉटवर असायची आणि दादा खाली जमिनीवर झोपायचे. बाहेरून करडा रंग, आत माझ्या अक्षरातली पुस्तकांची नावं. रविवारी मी कार्डं चिकटवायला मैद्याची खळ शिजवून न्यायचे. तोफा कधी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आधी तळ. तोफा बघायला सगळेच येतात."

गेल्या थंडीत, एका रविवारी ते दूध आणायला गेले असताना मला नौकेतल्या तेलाच्या टाकीला दोन चौकोनी भोकं दिसली, समोरासमोर, आगपेटीएवढी. एकाच्या कडा काळ्या रंगवलेल्या होत्या, दुसऱ्याच्या कोऱ्या. कोरं भोक चुकून पडलं असेल, असं मला वाटलं. मी एक कार्ड मापात कापून ते नीट बुजवलं. दादा आले, त्यांनी पाहिलं आणि माझ्या तोंडात मारली. मी भिंतीवर आदळले. ओठ फुटला. त्यांनी नखांनी ते कार्ड ओरबाडून काढलं.

"ही बुजवायची नाही," ते म्हणाले. "ही मी कापलीच नव्हती."

मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. टाकी धुतली की तिला समोरासमोर दोन खिडक्या कापायच्या. वारा आरपार जाऊन आतला गॅस निघाला की मगच आत माणूस उतरवायचा. शनिवारी त्यांनी एक कापली आणि त्या दिवसाचं काम सुटलं. सोमवारी दुसरी राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "उतर" असं विलासला त्यांनीच सांगितलं. विलासने गॅसकटर पेटवला... बाहेर ओढताना दादांनी त्याचा हात धरला, तर कातडी हातमोज्यासारखी निघून त्यांच्या हातात आली.

"आणि बिडी?"

"खिशात बंडल होतं त्याच्या. ओढत होता का, चौकशीत विचारलं मला. मी हो म्हणालो."

कोपऱ्यात वरवंटा होता. तो उचलताना माझ्या मनात आधी त्यांचं डोकं आलं, हे खरं आहे. मग तो मी नौकेच्या नाकावर घातला, आणि घालत राहिले. कणा मोडला, फासळ्या फाटल्या, कार्डं खोलीभर झाली. दादा हलले नाहीत. मी दमून थांबले तेव्हा म्हणाले, "टाकी राहिली अजून."

टाकीला मी हात लावला नाही. हे प्राचीला तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, एवढं बजावून मी निघाले. जहाज पुरं झालं की सांगतो, म्हणाले. म्हणून पुढच्या रविवारीही मी खळ घेऊन गेले. त्याच्या पुढच्याही. नाक त्यांनी पुन्हा बांधलं, ते जरा डावीकडे वाकलं. तोफा बसल्या. फक्त वरची डोलकाठी राहिली होती... त्या मंगळवारी ते नौकेशेजारी जमिनीवर पडले होते आणि वाटीतली खळ वाळली होती.

प्राची पुण्याहून आली. अंत्यविधी झाल्यावर, त्याच खोलीत, जे त्यांनी सांगायचं होतं ते मी तिला सांगितलं.

"म्हणजे बाबांनी ओढलीच नव्हती?"

"नाही."

तिने स्टोव्हजवळची काडेपेटी उचलली आणि नौकेकडे वळली. मी तिचं मनगट धरलं. आम्ही दोघी एकमेकींशी अक्षरशः झोंबलो. तिच्या नखांचे ओरखडे आठवडाभर माझ्या हातावर होते. अपघाताचे जे कागद झाले त्या सगळ्यांत बिडीच आहे. खरं सांगणारा कागद एवढाच आहे, हे मी तिला ओरडून सांगितलं. तेव्हा तिने काडेपेटी खाली टाकली.

नौका आता माझ्या घरी, हॉलमध्ये आहे. डोलकाठी नाही. नाक वाकडं आहे. टाकीच्या दोन्ही खिडक्या उघड्या आहेत.