काळ्या रेक्झिनचा ग्रंथ

बाइंडिंगच्या दुकानातल्या सरसाचा वास आला की मला अंजूर या आमच्या गावच्या घरातल्या शोकेसची काच आठवते. मी अमेरिकेत मेकॅनिकलचं मास्टर्स करत होतो तेव्हा बाबा दर रविवारी एसटीडी बूथवर माझ्या फोनची वाट बघत बसायचे आणि "तुजा ग्रंथ कुठवर आला रं?" विचारायचे. ग्रंथ म्हणजे माझा थेसिस. मी "चालू आहे" म्हणायचो. खरं तर थेसिस जमेना म्हणून मी तो पहिल्याच वर्षी सोडला होता आणि जादा विषय घेऊन डिग्री पुरी केली होती. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, विद्यापीठानेच तशी सोय ठेवली होती. पण घरी आलो तर बाबांनी शोकेसमधले कप हलवून ग्रंथासाठी कप्पा रिकामा ठेवलेला. मग मी धामणकर नाक्यावरच्या बाइंडिंगच्या दुकानात जाऊन जुन्या होमवर्कचे कागद काळ्या रेक्झिनमध्ये बांधून, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून आणले. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण जन्म कापड विणायच्या लूमवर गेलेला, आकडे पक्के. त्यांनी हात धुऊन ग्रंथ उघडला, चार पानं उलटली आणि लाल शाईतल्या ७/१० वर बोट ठेवलं. "ह्ये दहातलं सात कशाचं रं?" तेवढ्यात शेजारचे काका आले आणि "बघू तरी पोराचा ग्रंथ" म्हणत त्यांनी हात पुढे केला. बाबांनी ग्रंथ चटकन मिटला. "हात नको लावू, लय मेहनतीचं काम हाय," म्हणाले, कप्प्यात ठेवला आणि काच ओढून घेतली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरी गेलो की ती काच मी आजही बाहेरूनच पुसतो.