गुरुबसप्पाने मंत्री आणला

सारोळीच्या एसटी थांब्यावर गुरुबसप्पाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी, एक भट्टी आणि गुरुबसप्पाची जीभ. चहा बेताचाच असे. माणसं यायची ती जिभेसाठी. औशाहून येणारा ड्रायव्हरसुद्धा गाडी बंद करून उतरायचा आणि विचारायचा, "आप्पा, आज कुणाची काढली?"

काढायची ती पुढाऱ्यांचीच. पीकपाणी, सोयरीक, बांधाची भांडणं यांत गुरुबसप्पाला रस नव्हता. पण गावात पांढरी गाडी शिरली की भुकेल्या माणसाला फोडणीचा वास यावा तसा तो ताठ बसायचा.

"हे लोक हात जोडून का फिरतात, ठाव हाय?" दूध ओतता ओतता तो म्हणायचा. "मोकळे सोडले की खिशाकडं जातात. आपल्या खिशाकडं. म्हणून एका हातानं दुसऱ्याला धरून ठेवतात बिचारे."

मत कुणाला द्यावं असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्यानं लई खाल्लंय त्याला. त्याचं पोट भरत आलंय. नवा येतो तो उपाशी येतो."

तालुक्याचे पुढारी साहेबरावअण्णा एकदा प्रचाराच्या वाटेवर चहाला थांबले. सोबत दहा-वीस माणसं. अण्णांनी गुरुबसप्पाच्या खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय आप्पा, आमच्याबद्दल काय बोलून राहिलात गावात?"

"चांगलंच बोलतो की अण्णा," गुरुबसप्पा म्हणाला. "माझ्या बापाच्या मयतीला तुम्ही आलात. आईच्या मयतीला आलात. चुलत्याच्या तर आमच्याआधी आलात. आमच्या घरात कुणी जित्तंबी असतंय, एवढंच तुम्हाला अजून कुणी सांगितलं न्हाई."

बाकडी हसून हसून हलली. अण्णाही हसले. त्यांचं हसू जरा उशिरा आलं आणि सगळ्यांचं संपल्यावरही चेहऱ्यावर राहिलं. अर्धा कप चहा टाकून ते गाडीत बसले.

त्या दिवशी निवृत्तीही हसला होता, पण बाहेरून. निवृत्ती बौद्धवाड्यातला, गवंड्याच्या हाताखाली दगड फोडणारा. तो बाकड्यावर बसत नसे. त्याचा कप वळचणीला खिळ्यावर टांगलेला असे. सगळे समान आहेत असं भाषणात सांगणाऱ्या पुढाऱ्यांवर गुरुबसप्पाचा एक फर्मास विनोद होता. निवृत्ती तो वळचणीखाली उभा राहून ऐकायचा, हसायचा आणि आपला कप विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा. यात काही विचित्र आहे असं गावात कुणाला वाटलं नाही. विनोद सांगणाऱ्याला तर नाहीच.

मग त्र्याण्णवचा सप्टेंबर संपता संपता, गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटेच्या भूकंपात सारोळी जमिनीवर बसली.

दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. ज्याचं घर जेवढं खानदानी तेवढं त्याच्यावर ओझं जास्त पडलं. बौद्धवाड्यातली पत्र्याची, कुडाची घरं नुसती वाकडी झाली. विसर्जनाच्या पोरांना चहा पाजून गुरुबसप्पा हॉटेलातच बाकड्यावर पडला होता, म्हणून वाचला. तो गल्लीत पोचला तेव्हा उजाडलं होतं, आणि गल्ली कुठली ते ओळखायला त्याला मारुतीच्या पाराचा आधार घ्यावा लागला.

बायको, गौरम्मा, दुपारपर्यंत सापडली. तिच्याबद्दल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्याच ढिगाऱ्यातून पोरगी बोलत होती. शिवलीला, तिसरीतली. लाकडी तुळई तिच्यावर आडवी पडली होती. तुळईखाली पोकळी राहिली होती, आणि त्या पोकळीतून ती विचारत होती, "आप्पा, आई कुठं हाय?"

"हाय की हितंच," गुरुबसप्पा म्हणायचा.

निवृत्ती पहार घेऊन न बोलावता आला. त्यानं आणि गुरुबसप्पानं नखं तुटेस्तोवर माती ओढली. दोरीला चिंधी बांधून, पाण्यात भिजवून निवृत्ती ती फटीतून खाली सोडायचा आणि पोरगी चोखायची. कुणाचा हात, कुणाची चिंधी, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस सुरू झाला. माळवदाची माती भिजून जड झाली. तुळईवर भिंतीचा मोठा दगड होता, तो दोघांच्या बापाच्यानंही हलला नसता.

"हिथं क्रेन पायजे," निवृत्ती म्हणाला. "दोन तासांचं काम हाय. न्हाईतर न्हाई."

क्रेन गावात होती. ती सडकेलगत काम करत होती, जिथं खाली कुणी बोलत नव्हतं. गुरुबसप्पा धावत गेला. तिथला साहेब चिखलातून वर न पाहता म्हणाला, "मंत्री येणार आहेत. वरून आदेश आहे, आधी रस्ता मोकळा करायचा. ते जिथं जातील तिथं क्रेन जाईल. मला नका विचारू."

एरवी गुरुबसप्पानं या वाक्याचं सोनं केलं असतं. आठवडाभर हॉटेल चाललं असतं त्यावर. त्या दिवशी त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की मंत्री जिथं जातात तिथं क्रेन जाते. म्हणजे मंत्र्यालाच गल्लीत आणायला हवं.

साहेबरावअण्णा सडकेवर उभे होते. पांढरे कपडे, नाकाला कापूर लावलेला रुमाल. मंत्र्यांना कुठून कुठे न्यायचं ते त्यांच्या हाती होतं. गुरुबसप्पानं त्यांचे पाय धरले.

अण्णांनी आधी बूट मागं घेतला. मग ओळख पटली.

"अरे, आप्पा! तुम्ही जित्ते हाव?"

गुरुबसप्पानं पाय सोडले नाहीत.

"बोला की. आज तोंड का बंद? आमच्या मयतीच्या हजेरीवर काही?"

"अण्णा, तुम्हीच मायबाप. माझी पोरगी बोलून राहिली खालून. मंत्र्यांना तेवढं आमच्या गल्लीतून न्या."

"मायबाप," अण्णांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहत शब्द पुन्हा म्हणून बघितला. मग रुमाल नाकावरून काढून विचारलं, "पोरगी बोलते? जित्ती? खालून?" आणि त्यांचा चेहरा बदलला. सडकेलगत सगळी मेलेलीच होती. बोलणारं कुणी नव्हतं. "आणतो. माझा शब्द हाय. मंत्री येतील, मागं क्रेन येईल."

गुरुबसप्पा पळत परत आला आणि फटीत तोंड घालून ओरडला, "शिवे, मंत्री येऊन राहिलेत तुझ्यासाठी!"

दुपारी पोलीस आले. त्यांनी आधी निवृत्तीची पहार काढून घेतली, मंत्र्यांच्या वाटेवर लोखंड नको म्हणून. खणणं थांबवलं, धूळ-चिखल उडतो म्हणून. चिंधी सोडणंही थांबलं, कारण फटीपाशी कुणाला बसू देईनात. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सगळेच एकदम आले. मंत्री, त्यांचे अधिकारी, कॅमेरेवाले, अण्णा, अण्णांची माणसं, आणि मंत्री बघायला उरलंसुरलं गाव. गल्लीत उभं राहायला जागा नव्हती म्हणून माणसं ढिगाऱ्यावर चढली. कॅमेरेवाल्यांना वरून चांगलं दिसत होतं. अण्णांनी मंत्र्यांना हात देऊन वर घेतलं, थेट फटीपाशी.

"बाळ, नाव काय तुझं?" मंत्र्यांनी वाकून विचारलं.

मंत्र्यांनी कान फटीकडे नेला.

"बोल शिवे, साहेब आलेत," गुरुबसप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात लाचारी होती आणि ती त्याला स्वतःला ऐकू येत होती.

"आप्पा," पोरगी म्हणाली, "वर कोण हाय? लई जड झालंय."

"उतरा की खाली!" निवृत्ती मागून ओरडला. "माती बसून राहिली! उतरा!"

हवालदारानं त्याला छातीवर हात देऊन मागं रेटलं. आणि गुरुबसप्पा, ज्यानं अख्ख्या तालुक्यातल्या एकाही पुढाऱ्याला कधी तोंडावर सोडलं नव्हतं, तो निवृत्तीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "गप रे. काम होऊन राहिलंय. बिघडवू नको."

मंत्री सरळ झाले. शासन तुमच्या पाठीशी आहे, असं ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. मागची माणसं बघायला पुढं सरकली. माळवदाची ओली माती पायाखाली हातभर खचली, कुणीतरी घसरलं, कुणीतरी हसलं, अण्णांनी मंत्र्यांचं कोपर धरलं. फार काही झालं नाही. आवाजही मोठा झाला नाही. फट तेवढी बुजली.

मंत्री उतरून गेले आणि क्रेन आली. अण्णांनी शब्द पाळला होता. क्रेनच्या ड्रायव्हरनं भिंतीचा दगड सहज उचलून बाजूला ठेवला. निवृत्तीचा अंदाज बरोबर होता, दोन तासही लागले नाहीत. पोरगी अजून गरम होती.

पुढं नवीन गावठाणात गुरुबसप्पाला घर मिळालं. तो त्यात राहिला नाही. लातूरला गेला आणि पडेल ते काम करत राहिला.

त्या काळात लातूरचं नशीब फळफळत होतं. आधी दहावी-बारावीचे निकाल गाजले, मग क्लास आले, मग वसतिगृहं, मग गल्लीगल्लीत मेस. नांदेड, कंधार, देगलूर, जळकोटकडून पोरं पेट्या घेऊन उतरू लागली. गुरुबसप्पानं शेवटी मेस काढली. पोळ्या लाटायला बायका होत्या. तो वाढायचा आणि बोलायचा. जीभ परत आली होती. पोरं डबा न नेता तिथंच बसून जेवायची, ती त्याच्यासाठी. "आप्पा, आज कोणत्या पक्षाची भाजी आहे?" असं एखादं विचारायचं. "कालचीच हाय, नाव बदललंय," गुरुबसप्पा म्हणायचा, आणि पोरांना ठसका लागायचा.

साहेबरावअण्णाही लातूरला आले होते. आता त्यांना शिक्षणमहर्षी म्हणत. त्यांच्या मुलानं क्लास काढला आणि अण्णांनी त्याला नाव दिलं, शिवलीला अकॅडमी. चौकात मोठी पाटी लागली. पोरीचा फोटो कुठंच उरला नव्हता, म्हणून पेंटरनं आपल्या मनानं एक काढली. गोरी, दोन वेण्या, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. खाली तिचे शेवटचे शब्द लिहिले होते: 'साहेब, मला डॉक्टर व्हायचंय.' अण्णा हे प्रत्येक भाषणात सांगत. सांगून सांगून त्यांना ते खरंच ऐकल्यासारखं आठवू लागलं होतं. 'डॉक्टर'पाशी ते थांबून रुमाल काढायचे.

मेसमधल्या एका पोरीनं, नाजिया नाव तिचं, देगलूरची, एकदा वाढताना विचारलं, "आप्पा, ती खरंच तसं बोलली?"

गुरुबसप्पानं तिच्या ताटात भात वाढला. नको म्हणेपर्यंत वाढला.

अकॅडमीच्या वर्धापनदिनाचं निमंत्रण घेऊन अण्णांचा माणूस आला, तेव्हा गुरुबसप्पा लगेच हो म्हणाला. त्याला वर्षानुवर्षं एवढंच हवं होतं. माईक, आणि समोर अण्णा. तिथं ती काय म्हणाली ते सांगायचं, कोण कुठं उभं होतं ते सांगायचं. मग क्लासचं नाव पुसलं जावो नाहीतर राहो. पाटीवरच्या गोऱ्या पोरीपासून आपली पोरगी तेवढी सोडवायची.

सभागृह भरलं होतं. पालकांच्या रांगेत निवृत्ती बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याची धाकटी, बुद्धप्रिया, याच क्लासला होती. भूकंपग्रस्त म्हणून अण्णांनी तिची फी अर्धी केली होती. गुरुबसप्पानं त्याला पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. एक साक्षीदार होता.

अण्णांनी ओळख करून दिली. "शिवलीलाचे वडील. एवढं सोसून माणसानं विनोद सोडला नाही. आम्हाला तर यांनी कधीच सोडलं नाही!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. मेसची सगळी गिऱ्हाइकं तिथंच होती.

गुरुबसप्पा माईकपाशी आला.

"माझी पोरगी डॉक्टर व्हायचंय असं काही म्हणली न्हाई," तो म्हणाला.

हशा पिकला. अण्णांनीही हसून मान डोलावली, चालू द्या अशा अर्थानं.

"ती म्हणली, लई जड झालंय. कारण वर मंत्री उभा होता. शेजारी हे अण्णा उभे होते."

सभागृह फुटलं. मागच्या पोरांनी बाकं बडवली. कुणीतरी ओरडलं, "काय वजन होतं ओ आप्पा अण्णांचं तवा?"

"हसू नका," गुरुबसप्पा म्हणाला. "खरं सांगून राहिलो मी. हे वर चढले आणि ती मेली."

त्याचा चेहरा गंभीर होता, आणि तो नेहमीच गंभीर चेहऱ्यानं बोलतो हे सगळ्यांना माहीत होतं. हीच तर त्याची गंमत होती. एका पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं. अण्णा पोट धरून हसत होते, पण डोळे गुरुबसप्पावरून काढत नव्हते.

गुरुबसप्पानं निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्ती हसत नव्हता. त्याचे हात मांडीवर होते. शेजारून बुद्धप्रियानं त्याला कोपरानं ढोसलं आणि व्यासपीठाकडे डोळे केले. अण्णांचा मुलगा पालकांच्या रांगेकडे बघत होता. निवृत्तीनं हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या. हळू, पण वाजवल्या.

"अजून एक! आप्पा, अजून एक!" पोरं ओरडत होती.

गुरुबसप्पा माईक धरून उभा राहिला. अण्णांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यानं तो घेतला, प्यायला. सांगायचं अजून बरंच होतं. पहार काढून घेतली ते, चिंधी थांबवली ते. पण समोर एवढी पोरं तोंडं उघडी टाकून बसलेली, हसायला अगदी काठावर आलेली, आणि अशा तोंडांपुढं काय करायचं ते त्याच्या जिभेला त्याच्याआधी कळत होतं. अण्णांच्या शिक्षणमहर्षी होण्यावर एक विनोद सुचला होता.

तो त्यानं मारला. तो फार चांगला होता.