देवीसाठी कापलेलं दृश्य

राजधानीतून ती मुलगी आली तेव्हा थिएनलाय अंगणात पडदा पसरून त्याला ठिगळ लावत बसला होता. मुलीचं नाव रुओआन. सिनेमांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती, आणि तिच्याजवळ एक यादी होती. लोकांनी आयुष्यात पाहिलेले सगळ्यात अस्वस्थ करणारे सिनेमे. हजारो लोकांनी मतं दिली होती म्हणे. पोट भरलेलं असलं की माणसं कशाच्याही याद्या करत बसतात.

"काका, यातला हा एकोणिसावा," ती म्हणाली, "'सात जाळ्यांचा सूड'. आमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही. थिएटरात लोक ओकले होते, बायका बेशुद्ध पडल्या होत्या, असं लिहितात लोक. तुमच्याकडे प्रत आहे असं कळलं."

"आहे की. आमच्याच बंदरात काढला तो." थिएनलायने दोरा दातांनी तोडला. "पण पोरी, माझ्या प्रतीत ओकण्यासारखं काही सापडायचं नाही. ते सगळं मी कापलंय."

"सगळं?"

"मात्सू देवीपुढे दाखवायचा होता. न कापून कसं चालेल?"

रुओआनने कपाळाला हात लावला.

पण त्या बंदरात कुणालाही विचारा, थिएनलायची कात्री हीच थिएनलायची अब्रू होती. सतराव्या वर्षी तो गावच्या थिएटरात रिळं उचलायला लागला. घरोघरी टीव्ही आले, थिएटर बंद पडलं, तिथे बर्फाचा कारखाना झाला, तेव्हा मालकाने पगाराऐवजी सिनेमा दाखवायचं यंत्र त्याच्या गळ्यात मारलं. त्याने ते निळ्या टेम्पोवर चढवलं आणि दर्यावर्द्यांना सांभाळणाऱ्या मात्सूची देवळं धरली. कुणाची होडी बांगडा मासळीने भरून आली, कुणाचा पोरगा लष्करातून धड परत आला, कुणाची गाठ साधी निघाली, की नवस फेडायला देवळापुढे सिनेमा लावायचा. पुढच्या तीन खुर्च्या रिकाम्या. मधली देवीची, बाजूच्या तिच्या दोन चाकरांच्या. मागे माणसं आली तर आली. पुढे पुढे माणसं येईनाशी झाली, तरी हा गडी पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत सिनेमा दाखवायचा, मधलं एक रीळसुद्धा गाळायचा नाही. एकदा वादळी वाऱ्यात रिकाम्या मैदानापुढे दोन तास उभा राहिला. बायको शिउहोंग म्हणाली, "कोण बघतंय? ये की घरी!" तर म्हणतो, "जिला बघायचंय ती बघतेय."

नवा सिनेमा हाती आला की आदल्या दिवशी तो रिळं उलगडून बसे. नागवं कापायचं. रक्त कापायचं. प्रेत तर हटकून कापायचं. देवीला बिचारीला समुद्रात रोज काय कमी दिसतं, तिच्या करमणुकीच्या दिवशी तरी नको, असं तो म्हणे. कापलेले तुकडे शिउहोंग परसात न्यायची आणि घोसाळ्याचे वेल मांडवाला बांधायची. सुतळीपेक्षा बरे, कुजत नाहीत, असं तिचं मत होतं.

'सात जाळ्यांचा सूड' असाच कापला गेला. बुडालेले खलाशी जाळ्यांतून वर येतात आणि मालकाचा सूड घेतात, अशी काहीतरी गोष्ट. सिनेमा कंपनीने गावातलीच पोरं प्रेतं म्हणून घेतली होती. पहिल्या जाळ्यातून निघणारं प्रेत झाला होता बिंगतेक, एकोणीस वर्षांचा, नुकताच बोटीवर लागलेला. देवळापुढे सिनेमा लागला त्या संध्याकाळी तो सगळ्या मित्रांना घेऊन आला आणि चौथ्या रांगेत छाती काढून बसला. जाळं वर आलं, आणि टुणकन पुढचं दृश्य सुरू झालं. मित्र हसून हसून खुर्च्यांवरून पडले.

"काका!" बिंगतेक यंत्रापाशी येऊन ओरडला. "सगळ्या सिनेमात माझं एकच काम होतं, तेवढंच कापलंत!"

"देवीने तुला मेलेला बघावा असं वाटतं का तुला, गाढवा?"

"मग पुढच्या वेळी नवरदेवाचं काम घेतो. ते तरी ठेवाल ना?"

"नवरीवर अवलंबून आहे," थिएनलाय म्हणाला, आणि पोरं पुन्हा हसली.

दुसऱ्या वर्षी पानगळीच्या दिवसांत त्याची बोट बुडाली. पाच जण होते. चौघे सापडले.

रुओआन गेली, पण तिची यादी गावात राहिली. आपलं बंदर एकोणिसाव्या नंबरावर आहे म्हणून मासळी बाजारात माणसं फुशारकी मारायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी बिंगतेकची आई ग्योकलान थिएनलायच्या दारात उभी. वय एकोणऐंशी, पाठीत वाकलेली, पायात रबरी बूट. सत्तावीस वर्षांत तिने त्या सिनेमाचं नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"थिएनलाय, तो सिनेमा तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे, ताई. बसा. चहा टाकतो."

"चहा नको." ती बसली मात्र. "पोरगा त्यात मेल्याचं सोंग घेऊन आला, तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. मेल्याचं काम केलं म्हणून कंपनीने लाल पाकीट दिलं होतं त्याला, वाईट टळावं म्हणून. त्यातले पैसे वाटेतच उडवून टाकायचे असतात, घरी आणायचे नसतात. याला काय कळतंय! पहिली कमाई म्हणून आणून माझ्या हातात ठेवलं. आणि मी घेतलं रे. बोलत नव्हते, पण घेतलं. त्याचे बूट आणले."

थिएनलायने तरी चहाचं पाणी ठेवलं.

"चौघांच्या आयांनी आपापल्या पोरांची तोंडं धुतली," ती म्हणाली. "कपडे घातले. मी शर्ट पुरला. दरवर्षी शर्टाच्या थडग्यावर गवत काढते मी. त्या सिनेमात तो पाण्यातून काढलेला आहे ना? मेलेला?"

"हो."

"जवळून दिसतो?"

"हो, ताई. जवळून दिसायचा."

"मग तेच मला दाखव. सगळा सिनेमा नको. माझा पोरगा समुद्रातून वर काढलेला मला एकदा बघू दे. मग मी सुटले."

ते कापलंय, हे थिएनलायने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "ताई, सातवा महिना आलाय. मेलेल्यांची दारं उघडायची वेळ. अशा दिवसांत भुताचा सिनेमा लावला तर देवळातले लोक मला फाडून खातील."

"मेलेल्यांच्या महिन्यात मेलेल्याला नको बघू, तर कधी बघू? देवळापुढे नको लावू. बर्फाच्या कारखान्यामागे लाव, धक्क्यावर. मी एकटीच येईन."

"बरं," थिएनलाय म्हणाला. माणूस भित्रा असला की असंच 'बरं' म्हणतो.

ती वळणापलीकडे गेली तसा तो परसात धावला. शिउहोंग वाल निवडत होती. हा एकाहत्तर वर्षांचा म्हातारा शिडी लावून मांडवावर चढलेला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"हाडं मोडून घ्यायचीत का?"

"सिनेमाच्या पट्ट्या कुठायत? जुन्या?"

"कुठे म्हणजे? असतील तिथेच."

होत्या. तारांना गाठी मारलेल्या, वेलींच्या आत गुरफटलेल्या. त्याने एक सोडवली तर ती बोटांत चुरली. दुसरी उन्हासमोर धरली. चित्र नव्हतं. सत्तावीस उन्हाळ्यांनी ते खाऊन टाकलं होतं, पट्टी नुसती पिवळट पारदर्शक राहिली होती. दुपारपर्यंत त्याने सगळा मांडव विसकटला. एका पट्टीवर काहीतरी काळसर दिसलं म्हणून खाली आणून भिंगाखाली धरलं, तर ती बुरशी होती.

त्याने रुओआनला फोन लावला. कुठे दुसरी प्रत, एखादं रीळ, परदेशात गेलेलं काही?

"काका, तीन वर्षं शोधतेय," ती म्हणाली. "तुम्ही कापलेलं तेच दृश्य लोकांना आठवतंय. सिनेमा यादीत आहे तो त्याच्यामुळेच. जाळं फाटतं आणि तो मुलगा डोळे उघडे ठेवून बाहेर पडतो, असं सगळे लिहितात. पण कुणाकडे नाहीये ते."

"डोळे उघडे होते का?" थिएनलायने विचारलं. त्याला आठवेना. कापताना त्याने तोंड कुणाचं आहे हेही नीट पाहिलं नव्हतं. प्रेत दिसलं, कात्री लावली.

शिउहोंग म्हणाली, "जा आणि सांगून टाक. रडेल, शिव्या देईल. पण सांग." तो तीन वेळा गेला. पहिल्यांदा दार बंद होतं आणि त्याला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा तिने माशांच्या गोळ्यांचं सूप पुढे ठेवलं, ते पिऊन तो पावसापाण्याचं बोलून आला. तिसऱ्यांदा ती नवा ब्लाउज शिवत होती. "त्या दिवशी घालायला," ती म्हणाली. "पोराच्या पुढे फाटकं कसं जाऊ?" तो उंबऱ्यावरूनच परत फिरला.

ठरलेल्या दिवशी सूर्य डोंगराआड गेल्यावर त्याने धक्क्यावर पडदा उभा केला. सातव्या महिन्यात पाण्यात बुडालेल्या बांधवांसाठी ठेवतात तसं भात, बिस्किटं आणि बियरचे दोन डबे मांडून उदबत्त्या लावल्या. ग्योकलान आली, नव्या ब्लाउजात, केस चापून बसवलेले. हातात ओला टॉवेल होता, घडी केलेला. तो कशाला, हे त्याने विचारलं नाही. चौघांच्या आयांचं तिचं बोलणं त्याला आठवलं.

त्याने यंत्र सुरू केलं.

पडद्यावर बोट आली. चौघे खलाशी कठड्याला पाय लावून जाळं ओढताहेत. जाळं कठड्यापर्यंत येतं, त्यातून पाणी गळतंय, काहीतरी मोठं आत लोंबतंय. मग पट्टी टुणकन उडाली, आणि तेच चौघे बंदरात दारू पीत बसलेले दिसले.

ग्योकलान वाट बघत राहिली. चौघांचे ग्लास संपले. मालक आला. ती मागे वळली.

"तो कुठाय?"

थिएनलायने यंत्र बंद केलं. "ताई, मी कापलं ते. तेव्हाच. देवीपुढे दाखवायचं म्हणून. तुकडा सगळीकडे शोधला. नाही राहिला."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"वर आला होता तो," ती हळूच म्हणाली. "एवढ्या समुद्रातून वर आला होता. तू परत टाकलास."

"होय, ताई," थिएनलाय म्हणाला, आणि यंत्राच्या पेटीवर डोकं टेकून तो म्हातारा लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मला त्याची बाजू घेता येत नाही. त्याने वाईट काही केलं नव्हतं, आणि तरीही ते भरून यायचं नव्हतं.

ग्योकलान उठली. ती निघाली असं त्याला वाटलं, पण ती पडद्याकडे गेली.

"मघाचं परत लाव. जाळ्याचं."

त्याने डोळे पुसले, रीळ उलटं फिरवलं, पट्टी पुन्हा लावली. चौघांनी कठड्याला पाय लावले. लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं ग्योकलानने किनाऱ्यावरून बायकांच्या रांगेत उभं राहून जाळी ओढली होती. ती पडद्यापासून हातभर अंतरावर उभी राहून बघत होती. कापलेल्या जागेची जोड आली. त्याने यंत्र थांबवलं.

"परत."

त्याने परत लावलं.

"खांदे बघ त्यांचे," ती म्हणाली. "मासळी असली की जाळं थरथरतं, हाताला कळतं. हे थरथरत नाहीये. सरळ ओझं आहे. माणसाचं आहे." तिने पडद्यावरच्या त्या लोंबणाऱ्या फुगवट्यावर हात ठेवला, तसं जाळ्याचं चित्र तिच्या मनगटावर, नव्या ब्लाउजावर पडलं. "आत आहे तो, थिएनलाय. हा काय, इथे आहे."

"हो, ताई."

"परत लाव."

त्याने रीळ उलटं फिरवलं. बोट आली, चौघे आले, दोर ताणला गेला. ग्योकलानने टॉवेलची घडी उलगडून दोन्ही हातांत धरली, आणि बुडालेल्यांना किनाऱ्यावर हाक मारतात तशी मोठ्यांदा हाक मारली, "बिंगतेक, वर ये रे! आई आलीय! चल घरी!" मग त्या चौघांकडे वळून, शेजारच्या पोरांना दटावावं तशी ती म्हणाली, "सावकाश ओढा रे. लागेल त्याला."