जाऊबाईंचा उलटा केक

हा केक सोपा आहे, असं आमच्या जाऊबाई येईल त्या गिऱ्हाइकाला खुशाल सांगतात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. अहो, आपण दुकान चालवतोय की शिकवणी? पण त्या कुणाचं ऐकतील तर शपथ. काउंटरवर कोपर टेकून अख्खी कृती सांगून मोकळ्या होतात. आधी अक्रोड भाजून घ्या. जाड भांड्यात बटर आणि ब्राउन शुगर वितळवा, त्यावर सफरचंदाच्या फोडी मांडा, मधल्या फटींतून अक्रोड भरा, वरून पीठ ओता, ओव्हनमध्ये ठेवा, आणि गरम आहे तोवर ताटलीवर उलटा करा. झाला केक. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, एकदा करून बघतं आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने आमच्याच दारात येऊन उभं राहतं.

आमचं दुकान घराच्या तळमजल्यावर आहे. पुढे काउंटर, मागे ओव्हनची खोली, तिथूनच वर राहत्या घरात जायचा जिना. पाव थोरल्या दिरांचा, म्हणजे भावजींचा. ते पहाटे उठून पीठ मळतात आणि दुपारी ढाराढूर झोपतात. आमचे हे गाडी घेऊन माल पोचवायला जातात. काउंटर, खोकी बांधणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. त्यातलं शेवटचं काम मी जरा जास्तच मन लावून करते, असं घरात म्हणतात. म्हणोत बापडे. केक मात्र सगळे जाऊबाईंचे, आणि पानगळ सुरू झाली की लोक दुसरं काही मागतच नाहीत. रस्त्यावर पिवळी पानं पडायला लागली की आमच्या दारात चौकशी सुरू होते, उलटा केक कधी, उलटा केक कधी.

आता ओव्हनचं सांगते. तो इतका जुना आहे की त्याच्या दारावरचा तापमानाचा काटा मी लग्न होऊन आले तेव्हाच एका जागी रुतून बसलेला होता. दाराला काच नाही, आत दिवा नाही. जाऊबाईंना त्याची कधी गरजच पडली नाही, कारण त्या नाकाने केक भाजायच्या. वर गच्चीत कपडे वाळत घालत असल्या तरी तिथून ओरडायच्या की खालचा ट्रे काढ, झालाय. मी धावत जाऊन काढावा तर खरंच झालेला असायचा. मी नवीन होते तेव्हा मला ही जादूटोण्यातलीच बाई वाटायची. स्वभावाने नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत त्या, आणि त्या नाकाचा सगळ्या घराला अभिमान होता.

यंदा पानगळीच्या तोंडावर त्यांना ताप आला. साधासुधा नव्हे, अंथरुणाला खिळवणारा. उठल्या तेव्हा गालफडं बसली होती, पण दुसऱ्याच दिवशी एप्रन बांधून खाली हजर. भावजींनी सांगून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मग आम्हीही म्हटलं, कामात असल्या की लवकर सावरतील.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी नासलेलं दूध चहात घातलं. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, लक्ष नसेल. त्यानंतर एका दुपारी मी पुढे काउंटरवर टपालवाल्या काकांशी बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी नाकाला रुमाल लावला. मलाही वास आला. जळकाच, पण साधा नाही, अक्रोडाचं तेल जळतं तसा कडवट, घशाला धरणारा. मी तशीच आत पळाले. बघते तर ओव्हनच्या दारातून धूर निघतोय आणि जाऊबाई त्याच्या शेजारी, अगदी हातभर अंतरावर, शांतपणे सफरचंदं सोलत उभ्या आहेत.

मी ट्रे ओढून काढला. अक्रोडांचा कोळसा झाला होता. जाऊबाईंनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बडबडीने लक्ष उडालं असं म्हणाल्या. मी कशाला ऐकून घेते? मी पुढे दुकानात होते, माझी बडबड इथवर कशी आली, असं मी तोंडावर विचारलं. एरवी यावर निदान अर्धा तास वाजलं असतं. त्या दिवशी त्या पिठाच्या पोत्यावर मटकन बसल्या.

"मला वास येत नाही गं," त्या म्हणाल्या. "तापातून उठल्यापासून कसलाच येत नाही."

काय बोलावं ते सुचेना, आणि मला न सुचणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा. कुणाला सांगू नकोस, असं त्या म्हणत होत्या तेवढ्यात भावजी डोळे चोळत जिना उतरले. जळक्या वासाने त्यांची झोप मोडली होती. घरात वास न आलेलं माणूस एकच होतं.

डॉक्टरांनी तपासलं. तापाने असं होतं म्हणाले, आपोआप परत येईल, कदाचित येणारही नाही, औषध असं काही नाही. घरी आल्यावर भावजींनी जेवताना विषय काढला. माणूस मनाने लोण्यासारखा आहे, पण बोलायची वेळ चुकवायची हातोटी त्यांच्यासारखी दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणाले, नवा ओव्हन घेऊ, घंटी वाजणारा. केक धाकटी बघेल, तू काउंटरवर आरामात बस. ते मायेने बोलत होते हे मलाही कळत होतं आणि जाऊबाईंनाही. तरी त्यांनी हातातला घास खाली ठेवला. काउंटरवर ठेवायला मी काय बिस्किटांची बरणी आहे का, असं त्यांनी विचारलं.

मग जाऊबाईंनीच निकाल लावला. शनिवारी यंदाचा पहिला उलटा केक करायचा होता. तो त्या एकट्या करणार. कच्चा राहिला किंवा जळला, तर त्या आपण होऊन ओव्हन सोडणार आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. पण त्या वेळी कुणी खाणाखुणा करायच्या नाहीत, खाकरायचं नाही, उगाच ओव्हनमध्ये डोकवायचं नाही. हे सगळं सांगताना त्या एकट्या माझ्याकडेच बघत होत्या. मी गप्प बसेन म्हणून कबूल केलं, पण रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. ही बाई ओव्हनपासून तुटली तर खंगून जाईल, हे मला दिसत होतं. तिला भांडायला मी आणि भाजायला ओव्हन, एवढंच तर लागतं.

मधल्या दिवसांत त्यांनी वेडं व्हायचंच बाकी ठेवलं. मूठमूठ अक्रोड भाजायच्या, एकेक फोडून उजेडात धरायच्या, पुन्हा भाजायच्या. मागच्या अंगणातल्या चिमण्यांची चंगळ झाली. एकदा तर मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या ओव्हनच्या दाराला कान लावून उभ्या होत्या. मी चहा ठेवला आणि काही न विचारता परत फिरले. माझं मलाच नवल वाटलं.

शनिवारी सकाळी भावजी जिन्याच्या खालच्या पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसले. वाचत काडीचंही नव्हते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. जाऊबाईंनी आमच्याकडे ढुंकून न बघता अक्रोड आत सारले.

थोड्या वेळाने वास सुटला. आधी कच्च्या लाकडासारखा, मग गोडसर, मग असा खमंग की तोंडाला पाणी सुटावं. मी मनात म्हटलं, आता काढा. त्या सफरचंद चिरत होत्या. वास आणखी गडद झाला. मी स्टुलाची कड घट्ट धरली. त्यांनी सावकाश हात पुसले, दार उघडलं, एक अक्रोड उचलून फोडला, आतला रंग पाहिला आणि ट्रे परत आत ढकलला. जळले, संपलं सगळं, असं मला वाटलं आणि रागच आला त्यांचा, इतका कसला हट्ट म्हणून. तेवढ्यात आत बारीक तडतड झाली. त्यांनी लगेच ट्रे बाहेर काढला. सालं सुटत आलेली, आतून चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. मला चिमूटभरसुद्धा चूक काढता आली नसती.

मग बिडाच्या भांड्यात बटर आणि साखर. बुडबुडे आधी घाईघाईने फुटत होते, मग जड झाले, थांबून थांबून पुटुक पुटुक करायला लागले. त्याच क्षणी त्यांनी आच बंद केली. फोडी एकीला एक टेकवून गोल मांडल्या, फटींतून अक्रोड बसवले. पिठात दालचिनी घातली, जायफळ किसलं, क्षणभर थांबल्या, आणखी किसलं. पीठ ओतून भांडं आत ठेवलं आणि ओव्हनच्या दारापाशी दुसरं स्टूल ओढून बसल्या.

बराच वेळ गेल्यावर त्यांनी दार किलकिलं केलं, गरम हवेत कान नेला आणि दार लावून टाकलं.

"बोलतोय अजून," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेना. मग मीही कान दिला तेव्हा ऐकू आलं, आतून सूं सूं, चुरचुर चालली होती. इतकी वर्षं मी त्या ओव्हनच्या शेजारी वावरले, पण केक बोलतो हे मला माहीत नव्हतं. कसं असणार, मी कधी गप्प बसले होते? दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा तो आवाज अगदी मंदावला होता. जाऊबाई उठल्या, फडकी घेतली आणि भांडं बाहेर काढलं. केक गप्प झाला की झाला म्हणायचा, तुझ्या बाबतीत मात्र तशी वेळच येत नाही, असा टोला त्यांनी जाता जाता मला हाणलाच. मला इतकं बरं वाटलं तो ऐकून.

उलटा करायची वेळ आली. फार घाई केली तर फोडी घसरतात, फार थांबलं तर साखर घट्ट होऊन केक भांड्यालाच धरून बसतो. त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला, ताटली वर पालथी घातली, दोन्ही हातांनी आवळली आणि एका दमात भांडं फिरवलं. काहीच झालं नाही. केक आतच. भावजींचं वर्तमानपत्र खाली सरकलं. जाऊबाईंनी भांड्याच्या बुडावर मुठीने एकदा ठोकलं आणि वाट पाहिली. धप्प आवाज आला.

भांडं उचललं तर एक फोड मागे राहिली नव्हती. सफरचंदं काचेसारखी, मधाच्या रंगाची, आणि त्यांच्यामध्ये चकचकीत अक्रोड. भावजींनी बायकोच्या पाठीवर थाप मारली आणि चष्मा पुसायला घेतला. मी तर सरळ रडलेच. मला खाकरायची बंदी होती, रडायची नाही.

टपालवाले काका वासावर आलेलेच होते. जाऊबाईंनी सगळ्यांना एकेक तुकडा दिला आणि स्वतः एक तोंडात टाकला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या चावत राहिल्या, पुन्हा पुन्हा चावत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. जिभेला गोड लागत होतं, दाताखाली अक्रोड लागत होता, आणि त्यापलीकडे काही नव्हतं.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी आजवर ऐकला नव्हता. भावजी म्हणाले, नेहमीसारखा, अगदी नेहमीसारखा. काका म्हणाले, वा, नेहमीपेक्षाही सरस. मग त्या माझ्याकडे वळल्या.

बाई जिंकली होती. मीही वा म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण मग मनात आलं, आज हिला खोटं सांगितलं तर हिने पुन्हा कुणाला विचारायचं? इतक्या थाटात भाजलेला केक ती कुणाच्या भरवशावर लोकांना देणार?

"ताई, जायफळ जास्त झालंय," मी म्हटलं.

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी विरघळली असती. काकांनी आपला तुकडा निरखायला घेतला. जाऊबाई हलल्या नाहीत.

"किती?"

"बरंच. सफरचंद कळतच नाही त्यात. भाजलाय मात्र असा, की मी जन्मात खाल्ला नाही."

त्यांनी ताटली खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच, खणखणीत. काकांना त्या म्हणाल्या, तुम्ही खा हो निवांत, तुम्हाला दगड दिला तरी सरस लागतो. मग मला हाताला धरून त्यांनी आत नेलं. इतकी वर्षं त्यांनी मला पिठाला चमचासुद्धा लावू दिला नव्हता. त्यांनी जायफळ आणि किसणी माझ्या हातात दिली आणि पिठाचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

"पुरे कधी म्हणायचं ते तू ठरव," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या केकसाठी सफरचंद चिरायला घेतलं.