दरवर्षी एक मिळवायचं

रेडिओ केंद्रात तिला सगळे तारीखबाई म्हणत. सकाळच्या बातम्या संपल्या की तिचा आवाज यायचा: आजच्या दिवशी कोणता शोध लागला, कोणतं यंत्र पहिल्यांदा चाललं, कोणता तह झाला. शेवटी ठरलेलं वाक्य, ‘आज या गोष्टीला इतकी वर्षं झाली.’ ते ऐकून लोक चहाचा कप खाली ठेवायचे आणि आपण तेव्हा केवढे होतो याचा हिशेब करत बसायचे.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे खिडकी नसलेलं खोकं, तंत्रज्ञाच्या बाजूची एक काच तेवढी. दार इतकं जाड की बाहेर आग लागली तरी आत पत्ता लागू नये. त्या खोक्यात तिचे केस पिकले. दूरच्या गावात आई एकटी राहायची. तिथे केंद्र होतं, जागाही रिकामी होती. पण बदलीचा विषय काढला की साहेबांचं पालुपद तयार, "जा की बाई, मी कुठे धरून ठेवलंय? फक्त दिनविशेष कोण करणार तेवढं सांगा."

मग आई न्हाणीघरात घसरली. "मला काही झालं नाही गं," ती फोनवर म्हणाली, "पण तू ये बाई आता." त्या रात्री तारीखबाईला झोप लागली नाही.

तिने डोकं चालवलं. तारखा काही बदलत नाहीत. वर्षाचे सगळे दिवस एकदाच बोलून ठेवले की झालं, जन्मभर वाजवा! काम संपल्यावर ती रोज त्या खोक्यात बसू लागली. घसा बसला की गरम पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू. असे कित्येक महिने गेले.

सगळं संपल्यावर साहेब खूश झाले. बदलीच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन उघडलं आणि सहज एक दिवस लावून ऐकला. ‘आज या शोधाला शंभर वर्षं झाली.’

"आणि पुढच्या वर्षी?" साहेबांनी विचारलं.

एकूणएक दिवसात तिने ते वाक्य बोलून ठेवलं होतं. नवख्या माणसाने ही चूक केली नसती. जिभेला वळण पडलेल्या तारीखबाईनेच ती करावी.

"ते वाक्य कापून टाकते."

"छे, छे! लोक त्याच्यासाठीच तर ऐकतात. दरवर्षी एकेक मिळवत जा. कितीसं काम आहे!" पेनला टोपण बसलं.

खोटं कशाला बोला, ते कौतुक ऐकून तिला क्षणभर बरंही वाटलं. मग स्वतःचाच असा राग आला की जेवण गेलं नाही.

"सही झाली का गं?" आईने फोनवर विचारलं.

"होईल. पुढच्या वर्षी."

"बरं. मी ऐकते हं रोज तुला. छान बोलतेस."

दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. एक मिळवायचा, बोलायचं. एक मिळवायचा, बोलायचं. असं करता करता दहा मार्चची पाळी आली. टेलिफोनवरून पहिलं वाक्य गेलं तो दिवस. शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला मारलेली साधी हाक होती ती: इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.

आईचा वाढदिवसही त्याच तारखेला. दरवर्षी टेलिफोनची वर्षं सांगताना ती मनात आईचीही मोजायची. टेलिफोनला तिने एक मिळवला. मग आईला पुढच्या वर्षाचा एक मिळवायला गेली आणि थांबली.

मिळवावा की नाही?

लाल दिवा चालूच होता. काचेपलीकडून तंत्रज्ञाने हात हलवून खुणावलं, बोला, बाई, बोला.