केतकीला शेवट माहीत नाही

शैलजानं आज पुन्हा तिच्या भावाला दारातून माघारी धाडलं, आणि त्या रागातच माझे डोळे मिटत चालले आहेत. दुपारची वेळ आहे. मिरची कांडपाचं मशीन बंद करून मी दुकानातल्या खुर्चीत पाय पसरून बसले आहे. पट्टा थांबला तरी कानात घरघर चालूच आहे.

शैलजा माझी सून. शाळेत गणित शिकवते, म्हणजे शिकवत होती. भाऊ बिचारा एसटीनं उन्हातान्हात आला होता, एका हातात साडी, दुसऱ्या हातात पुरणपोळीचा डबा. घरातलं माणूस गेलं की माहेरचे असे येतात, बाईला नवं नेसवतात, गोड खायला घालतात, आणि मग त्या घरात पुन्हा सणवार सुरू होतात. दुखवटा काढायचा म्हणतात त्याला. तर ही बया उंबऱ्यात उभी राहून त्याला म्हणते, "दादा, साडी परत ने. केतकी अजून यायची आहे."

केतकी माझी नात. रक्ताच्या आजारानं गेली, दहावीचं वर्ष होतं. तिला मीच शेवटचं पाणी पाजलं. ती कुठून यायची आहे?

आणि हे खूळ शैलजाच्या डोक्यात शिरलं ते केतकीच्या पुस्तकांतून. केतकीला एकाच जातीची पुस्तकं लागायची. त्यात तिच्याच वयाची पोरंपोरी, आणि त्यातलं कुणी भूत, कुणी रक्त पिणारं, कुणी पुनवेला लांडगा होणारं. शैलजा नाक मुरडायची. मी नाही. मी चौथीतून शाळा सुटलेली बाई, मला इंग्रजी कुठलं यायला? पण ही पोरगी मशीनच्या वर आवाज चढवून मला सगळं मराठीत सांगायची. मिरच्या कुटायला आलेल्या बायकांनाही सोडायची नाही. "काकू, यातली मुलगी मेलीय, पण तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही! वाचा तुम्ही, मी देते." काकूंची चटणी कुटून व्हायची, तरी काकू जागच्या हलायच्या नाहीत. मी तर अजूनही सांगते, घरात वयात आलेली पोरगी असेल तर ही पुस्तकं आणा. भुतं असतात त्यात, पण माणसांसारखं उगाच खोटं बोलत नाहीत.

तिची सगळ्यात लाडकी होती ती तळ्याकाठच्या शाळेतल्या ताबीची गोष्ट. पोरीचं नाव टॅबिथा, मी ताबी म्हणायची. चार भाग आहेत. पहिल्यात ताबी तळ्यात बुडते. दुसऱ्यात तिची मैत्रीण रडून रडून अर्धी होते. तिसऱ्यात ती मैत्रीण खिडकी उघडी ठेवते, ताबीच्या उशीचा अभ्रा धूत नाही, वाट बघते, आणि ताबी परत येते. चौथा भाग कुरिअरनं आला तेव्हा केतकी दवाखान्यात होती.

पोरगी गेल्यावर शैलजानं पहिले तीन भाग वाचून काढले आणि तिथंच थांबली. आता आमच्या माडीवरची खिडकी उघडी असते. अभ्रा कुणाला धुऊ देत नाही. शाळेत जात नाही, दोन घासांवर दिवस काढते, झोपत नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढतात आता तिच्या. माझा मुलगा तिच्यापुढं तोंड उघडत नाही, त्याला रडू येतं. चौथा भाग तसाच प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. एकदा विचारलं, वाचत का नाहीस गं पुढचं? तर मला म्हणते, "आत्याबाई, इथंच बरं आहे." आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात. नुसतं म्हणतात, ऐकत नाहीत.

ही अशीच झुरून जाणार, मला दिसतंय. एक गेली, आता दुसरी...

घरघर वाढते. मशीन बंद आहे, पट्टा काढून ठेवलेला आहे, तरी उखळीत मुसळं पडताहेत. लाल भुकटी वर उठते, दुकानभर होते, आणि मला ठसका लागत नाही. तेव्हा मी ओळखते की मी जागी नाही.

"आज्जी, चाळण नीट धर. सांडतंय सगळं."

मिरच्यांच्या पोत्यावर केतकी बसली आहे. मी आधी तिचे केस बघते. दवाखान्यात उशीवर गळून गेले होते ते सगळे केस तिच्या पाठीवर आहेत, कमरेपर्यंत, दाट.

"कधी आलीस गं?"

"मी कुठे आले? तूच आलीस."

मी खाली बघते तर फरशी दवाखान्याची आहे, फिनेलनं पुसलेली. दोन्ही बाजूंना कॉटा. कॉटांवर माणसं नाहीत, मिरच्या वाळत घातल्या आहेत, आणि प्रत्येक कॉटेशी सलाईनची बाटली टांगलेली आहे. केतकी पुढं चालते. मी मागनं. माझ्या पायात एकच चप्पल आहे.

"बारीक झालीस," मी म्हणते.

"मेलेय मी, आज्जी."

"म्हणून काय खायचं सोडायचं?"

ती हसते. तिचं हसणं मला आधी मागून ऐकू येतं, मग पुढून. कॉटांची रांग संपते आणि तळं लागतं. काळं, गार पाणी, पलीकडं दगडी शाळा, बर्फ पडतोय, मला थंडी वाजत नाही. पलीकडच्या काठावर एक गोरी पोरगी झग्यातलं पाणी पिळत उभी आहे.

"ती ताबी काय गं?"

"हो. हाक मारू नकोस तिला. एकदा बोलायला लागली की थांबत नाही."

"तुझ्याच जातीची म्हण."

आम्ही काठावर बसतो. बसायला माझ्या स्वयंपाकघरातले पाट आहेत. मी काही खिडकीशी बसून वाट बघणारी बाई नाही, पण पोरगी समोर आहे तर विचारल्यावाचून राहवत नाही.

"तुझी आई वाट बघते तुझी."

"माहीत आहे. तिचा आवाज येतो इथे. झोप लागू नये म्हणून पाढे म्हणते."

"मग ये की."

"कशी येऊ?"

"ताबी आली तशी. तिसऱ्या भागात."

केतकी माझ्याकडं बघत राहते. लहानपणी ती चॉकलेटसाठी हट्ट करायची आणि मला नाही म्हणावं लागायचं. तेव्हा मी तिच्याकडं अशी बघायची.

"आज्जी, तू चौथा वाचलाच नाहीस ना?"

"मला कोण वाचून दाखवणार? तू वाचलास?"

"कधी वाचणार? ते प्लास्टिक फाडायचीही ताकद नव्हती हातात."

"इथं नाही मिळत?"

"इथे पुस्तकं नाहीत." नळाला पाणी नाही म्हणावं तसं ती म्हणते.

"एवढ्या मोठ्या जागेत एक पुस्तक नाही? कसला कारभार आहे हा?"

"तू येशील तेव्हा तक्रार कर."

"करणारच. सोडते की काय!"

पलीकडची पोरगी अजून झगा पिळते आहे. पिळते आहे आणि पाणी संपत नाही.

"ती जाते का राहते शेवटी?" मी विचारते.

"जात असणार. मी अशी इतकी पुस्तकं वाचली, आज्जी. परत आलेल्याला शेवटी जावंच लागतं. पण कसं जातं, जाताना काय बोलतं, कुणाचा हात धरतं, ते दर वेळी वेगळं असतं. त्याच्यासाठीच तर वाचायचं." ती पाण्यात बोट फिरवते, पाण्यावर तरंग उठत नाहीत. "आईनं मध्येच मिटलं. आता मलाही पुढचं कळत नाही. ती तिसऱ्यात थांबलीय तर मीपण इथेच बसलेय, ओल्या काठावर."

"म्हणजे कुणी वाचलं तर तुला ऐकू येईल?"

"खिडकी उघडीच आहे ना."

आता मी आमच्या स्वयंपाकघरात आहे, तळं मोरीत मावलं आहे, आणि केतकी माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पाठ करून बसली आहे. शेगडीवर वाटी तापते आहे.

"तेल लाव ना. डोकं जड झालंय."

मी कोमट तेल तळव्यावर घेते आणि टाळूवर थापते. कातडीखाली हाड लागतं, गरम, जिवंत असल्यासारखं. मी बोटांनी भांग पाडते, चोळते, केस खाली ओढत नेते, आणि ते संपतच नाहीत. पाटावरून जमिनीवर, जमिनीवरून मोरीत. मी चोळत राहते. थांबले तर काय होईल मला ठाऊक आहे.

"वेणी घालू?"

"नको. मोकळे सोड."

"भुतासारखे?"

"भुतासारखेच!"

आम्ही दोघी हसतो. हसता हसता तिची पाठ माझ्या गुडघ्यांना लागेनाशी होते.

"केते, जरा थांब की. एवढी बाजू राहिलीय."

"आज्जी, आईला रागावून सांग हं. गोड बोललीस तर ती रडत बसते."

"मला गोड बोलता येतं कुठं?"

ती मान मागं वळवत नाही. माझ्या गुडघ्यांच्या मध्ये नुसता पाट आहे.

दुकानाच्या शटरखालून उन्हाची पट्टी आत आली आहे. ती माझ्या पायावर आहे. मशीन गप्प आहे. मी खुर्चीत आहे आणि माझा उजवा हात मांडीवर उताणा पडला आहे. तो जड वाटतो म्हणून मी बघते.

तळहात तेलानं माखला आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत. खोबरेल, अजून कोमट. दुकानात मी तेलाचा थेंब येऊ देत नाही, चटणी कुबट होते म्हणून. माझ्या हातावर बघाल तर मिरचीचा लाल रंग, कितीही धुतला तरी न जाणारा. तो आता तेलाखाली चमकतो आहे.

मी हात पुसत नाही. डाव्या हातानं कठडा धरून माडीचा जिना चढते.

शैलजा खिडकीशी बसली आहे. माझ्याकडं बघत नाही. मी तिच्या मागं जाऊन तेलाचा हात तिच्या डोक्यावर ठेवते. केस गवतासारखे झाले आहेत. ती दचकते, मग श्वास घेते, पुन्हा घेते.

"आत्याबाई, हा वास... कुणाला तेल लावलंत तुम्ही?"

मी फळीवरून चौथा भाग काढते, प्लास्टिक दातांनी फाडते आणि पुस्तक तिच्या मांडीवर टाकते. ती हात मागं घेते, तापल्या तव्याला लागल्यासारखे.

"नको, आत्याबाई. वाचलं की संपेल."

"संपू दे!" मी म्हणते, आणि माझा आवाज फाटतो तर फाटू दे. "अर्धं गणित सोडून उठणाऱ्या पोरांना तू शून्य देतेस ना? मग मीही तुला तेवढेच देते. भित्री आहेस तू, शैलजा. माझी नात पुढचं ऐकायला ओल्या काठावर बसलीय आणि तू पुस्तक मिटून बसलीयस. उघड ते. आणि मोठ्यानं वाच, खिडकीच्या बाहेर ऐकू गेलं पाहिजे."